वर जाऊन आलेले बाबा

१

त्या घरातली सून लोकांचे कान तपासायची. कानाच्या एका डॉक्टरांकडे ती कामाला होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला गादीसारख्या जाड भिंतींची एक छोटी खोली होती. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आपण काचेपलीकडे बसून बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. दुपारपर्यंत हे काम, मग घर.

घरी सासरे चहासाठी थांबलेले असायचे. म्हाताऱ्याने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बायको गेल्यावर ते लेकाकडे राहायला आले आणि सुनेशी त्यांचं असं मेतकूट जमलं की नवरा कुरकुरायचा, या घरात मीच जावई आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसायची. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून आलेला आणि तपासणीत ठणठणीत निघालेला नवरा, असल्या गमती ती सांगायची. ते लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. अडकलेला माणूस आधी हसतो, मग चिडतो, मग रडकुंडीला येतो, आणि दार उघडलं की उघडणाऱ्याकडे न बघता चालू पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

नवरा एका खासगी अंतराळ कंपनीत होता. यानात बसून वर जाऊन यायची हौस असलेली माणसं हेरायची आणि त्यांची भीड चेपायची, हे त्याचं काम. बोलण्यात तो पहिल्यापासूनच पटाईत. कंपनीला आता एक म्हातारा प्रवासी हवा होता, म्हणजे वय आड येत नाही हे चारचौघांना दिसलं असतं. बाळ्याने वडिलांचं नाव पुढे केलं. घरात वडील त्याला अजून बाळ्याच म्हणत.

सासऱ्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना वर पाठवलं, आता माझीच पाळी वाटतं, असं म्हणाले. पण लेक हट्टाला पेटला. आई असती तर तिला केवढं कौतुक वाटलं असतं, इथवर तो गेला, तेव्हा म्हातारा विरघळला.

"बाळ्या एवढं म्हणतोय," ते सुनेला म्हणाले, "तर बघून येतो."

२

सगळं सुरळीत पार पडलं. टीव्हीवर ते हात हलवताना दिसले. खाली उतरल्यावर कंपनीने काही दिवस त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं आणि मग गाडीने घरी आणून सोडलं. शेजारपाजारचे येऊन गेले. वर काय दिसलं, असं जो तो विचारी. निळं होतं, फार निळं, एवढंच ते सांगत. मोठं काही सांगतील म्हणून आलेले लोक जरा हिरमुसून जात.

मग घर पुन्हा आपल्या चालीला लागलं. दुपार झाली की टेबल, चहा आणि दोघांच्या गप्पा.

एकदा सून किटली उचलून अजून थोडा देऊ का म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "नको, पुरे झाला." तिने किटली खाली ठेवली. एका घरात राहणाऱ्या माणसांना एकमेकांच्या मनातलं कळतंच. खिडकी लावावी असं तिच्या मनात आलं, ती अजून वळलीसुद्धा नव्हती, आणि ते म्हणाले, "राहू दे, वारा बरा वाटतोय." हेही तिने सोडून दिलं.

पण मग ती दवाखान्यातली एक गंमत सांगत होती. नवीनच होती, त्याच दिवशी घडलेली. शेवटच्या वाक्याला ती पोचण्याआधीच सासरे हसले. हसणं नेहमीचंच होतं, डोळे बारीक करून खांदे हलवत. हसून झालं, रुमालाने डोळे पुसून झाले. मग तिने ते शेवटचं वाक्य कसंबसं म्हटलं आणि ते तिच्याकडे शांतपणे बघत राहिले. नुकतीच शिंक येऊन गेलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा मोकळा होता.

३

वर गेलेल्या माणसाच्या कानांवर दाब येतो, एकदा तपासून घेऊ, असं सांगून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. त्या खोलीत बसवलं. स्वतः काचेपलीकडे बसली.

पहिल्या आवाजाला त्यांनी बटण दाबलं तेव्हा तिला वाटलं, आपला हात जरा उशिरा चालला. दुसऱ्यालाही तसंच झालं. मग तिने लय मोडली. दोन आवाज पटपट सोडले, मग बराच वेळ काहीच नाही. त्या मधल्या वेळात ते स्वस्थ बसून होते, मांडीवर हात ठेवून. अंदाजाने बटण दाबणारी माणसं तिने रोज पाहिली होती. ती चुळबुळत असतात, तिच्या खांद्याकडे, चेहऱ्याकडे बघत असतात. सासरे भिंतीकडे बघत होते.

मग त्यांचा अंगठा खाली गेला, तिच्यासमोरचा दिवा लागला, आणि त्यानंतर तिचं बोट खाली गेलं.

तिने हात मागे घेतला. आता आवाज सोडायचाच नाही, असं ठरवून ती बसली. तेही बसले. वेळ जात राहिला. शेवटी तिने मनाशी म्हटलं, पुरे झालं, एक सोडून बघू. तो विचार पुरता व्हायच्या आत दिवा लागला होता. आणि दिवा लागलेला बघून तिचं बोट आपोआप खाली गेलं. मी सोडणार म्हणून ते दाबतात, की ते दाबतात म्हणून मी सोडते, हे तिला सांगता येईना. त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत तिला पहिल्यांदाच गुदमरल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी निकाल पाहिला आणि म्हणाले, बाबांचे कान तरुणाला लाजवतील. मशीन बिघडलं असेल म्हणून तिने पुढच्या पेशंटवर बारकाईने लक्ष ठेवलं. मशीन उत्तम चाललं होतं.

४

नंतर हे वेळेचं अंतर वाढत गेलं.

दुपारी त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. कोणी फोनवर बोलावं तसं, एक वाक्य, मग थांबणं, मग दुसरं वाक्य. फोन तर बाहेर टेबलावर पडलेला असायचा. एकदा तिने दाराशी उभं राहून ऐकलं. "कपाटात, खालच्या कप्प्यात," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तिथेच आहे, नीट बघ."

संध्याकाळी नवरा आतून ओरडला, "बाबा, माझा निळा शर्ट कुठे पाहिलात का?"

सासरे समोरच खुर्चीत होते. ते काही बोलले नाहीत. लेकाने पुन्हा विचारलं, सापडत नाही म्हणाला. ते नुसते दाराकडे बघत राहिले. सून उठली आणि तिने कपाटातल्या खालच्या कप्प्यातून शर्ट काढून दिला. तो तिथेच होता.

"बाबांना हल्ली ऐकू कमी येतंय," नवरा म्हणाला. "तू असून उपयोग काय?"

तेव्हापासून तिला ती चाल कळली. कोणी काही विचारलं की सासरे गप्प असत, कारण त्यांचं उत्तर देऊन झालेलं असे. म्हातारपणी माणसं तंद्रीत बोलतात, चार वाक्यांतलं एखादं जुळतंच, असं ती मनाला बजावे. पण जुळत नाही असं एकही वाक्य तिला सापडेना.

एकदा धीर करून तिने विचारलंच, "बाबा, हे काय होतंय ते तुम्हाला कळतं का?" ते तिच्याकडे बघत राहिले, फार मायेने. आणि तिला आठवलं, सकाळी ती चपला घालत असताना ते तिच्या पाठीमागून म्हणाले होते, "कळतं, पोरी. पण आलेलं थोपवता येत नाही." तिला वाटलं होतं, खोकल्याबद्दल बोलतायत.

५

असंच एका दुपारी ती वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या खोलीवरून चालली होती. दार लोटलेलं होतं.

"तुला माहीत होतं, बाळ्या?" आतून आवाज आला. मग थांबणं. "आणि तरी मला पाठवलंस?"

ती जागच्या जागी थबकली. आत बराच वेळ शांतता होती, कोणी काहीतरी लांबलचक समजावून सांगत असावं तेवढी. बोलण्यात पटाईत असलेल्या माणसाला लागतो तेवढा वेळ.

"नाही, मी कुठे येणार नाही," सासरे म्हणाले. "हात सोड."

पुन्हा शांतता. मग आवाज बदलला. आता तो चहाच्या टेबलावरचा आवाज होता.

"बरं. पोरी, तू म्हणतेस तर जातो."

कपडे हातातून खाली पडले. ती आत गेली. खोलीत ते एकटेच होते, पलंगाच्या कडेला बसलेले. ती त्यांच्यापुढे खाली बसली आणि त्यांचे हात धरून म्हणाली की मी तुम्हाला कुठेही पाठवणार नाही, काहीही झालं तरी माझ्या तोंडून ते शब्द निघणार नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. तिच्यावर विश्वास आहे असं दाखवण्याची पद्धत होती ती, की तिची समजूत घालण्याची, हे तिला ओळखता आलं नाही.

संध्याकाळी नवरा भांडी विसळत होता तेव्हा ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

‘काय?’ असं त्याने विचारलं नाही. नळ होता त्याहून मोठा सोडला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

"सगळ्यांना होत नाही असं मला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"आणि ज्यांना होतं?"

"त्यांची सोय करतात. चांगली जागा आहे, झाडंबिडं आहेत."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. एकच ताट तो पुन्हा पुन्हा विसळत होता. स्वतःच्या वडिलांना का, एवढंच तिने विचारलं. जगात म्हाताऱ्यांना तोटा होता का?

"बाहेरचा कोणी पाठवला असता आणि त्याला झालं असतं, तर त्याच्या घरच्यांनी गाव गोळा केला असता," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, व्यवहाराची गोष्ट सांगावी तसा. "आपल्या घरातलं आपल्या घरात राहतं."

त्या क्षणी तिला नवऱ्याची भीती वाटली नाही. भीती नंतर आली. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी आपण गाढ झोपत आलो.

६

ती सासऱ्यांना सोडून राहीना. दवाखान्यात रजा टाकली. कंपनीची डॉक्टरीण फोन करायची, गोड बोलायची. सून तिला बाबा मजेत आहेत असं सांगायची आणि फोन ठेवायची. नवराही विषय काढेनासा झाला. निभावलं, असं तिला वाटू लागलं.

मग एका सकाळी ती त्यांच्या खोलीचे पडदे सारत होती आणि पाठीमागून ते म्हणाले, "रडू नकोस, पोरी. वय झालं होतं आईचं."

तिचा हात पडद्यावरच राहिला.

"झोपेतच गेली ना? मग सुटली बिचारी. भाऊ पोचला का?"

तिने तिथूनच आईला फोन लावला. आई ठणठणीत होती. शेजारणीने जिन्यात कुंड्या ठेवल्यात म्हणून तणतणत होती. एवढ्या सकाळी कशाला फोन, भांडलीस की काय नवऱ्याशी, असं तिने विचारलं. लेक म्हणाली, सहजच. मग तिने भावाच्या मागे लागून आईची तपासणी करवून घेतली. काही निघालं नाही. रोज उठल्याबरोबर ती फोन करी आणि पलीकडून आईची तणतण ऐकू आली की खुर्चीत बसे. आईशी जन्मात कधी एवढं गोड बोलली नव्हती ती, आणि त्यानेच आई काळजीत पडली.

एके सकाळी फोन भावाने उचलला.

ती सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलले काहीच नाहीत. सांत्वनाचे शब्द तिने आधीच ऐकले होते, आणि ऐकले तेव्हा त्यांनी तिचं सांत्वन झालं नव्हतं.

माहेरचं सगळं उरकून ती परत आली. दार उघडून आत पाऊल टाकते तोच पलीकडच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. सामान तिथेच टाकून ती जिना उतरून रस्त्यावर पळाली. दिवसाउजेडी, वर्दळीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. आता काय असेल? भावाचं असेल? तिचं स्वतःचं? तिला कळायला नको होतं. घरी परतायच्या आधी ती दवाखान्यात गेली आणि कानात घालायचे रबरी बोळे घेऊन आली.

त्या दिवसापासून घरात ती कानात बोळे घालून वावरू लागली. टेबलाशी दोघं समोरासमोर चहा घेत. त्यांचे ओठ हलायला लागले की ती कपात बघे.

७

कंपनीची गाडी आली ती भर दुपारी. नवरा होता आणि ती डॉक्टरीण होती. जवळून बघितली तर ती थकलेली, साधी बाई होती.

सून भिंतीला टेकून उभी राहिली. बोळ्यांमुळे सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. नवरा वडिलांपुढे वाकून समजावत होता, थांबत होता, पुन्हा समजावत होता. सासरे गप्प होते. पण तिला त्या थांबण्यांमधली वाक्यं ठाऊक होती आणि ती एकामागून एक आपापल्या जागी बसत गेली. नवऱ्याने त्यांचा हात धरला. सासऱ्यांनी तो झटकला. नवरा उभा राहिला, घाम पुसला आणि तिच्याकडे बघितलं. डॉक्टरिणीनेही बघितलं.

सगळ्यांत शेवटी सासऱ्यांनी बघितलं.

बोलायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. ती तोंड मिटून उभी होती. आणि त्यांचे ओठ किंचित हलले. काहीतरी येत होतं. कोणाबद्दल, कशाबद्दल, देव जाणे.

कान बंद असले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. तसा तिला तिचा आवाज ऐकू आला, मोठा आणि परका.

"बाबा, थोडे दिवस जाऊन या ना. माझ्यासाठी."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर तिला पुढे कधीतरी झोप लागली असती. ते उठले, आपले बूट आपणच शोधून घातले, आणि तिच्या जवळून जाताना जरा थांबले, अवघडलेल्या माणसाला वाट करून द्यावी तसे. मग जिना उतरून गेले.

८

बाबांना बघायचंय, असं तिनेच काही दिवसांनी नवऱ्याला म्हटलं. तो लगेच तयार झाला.

जागा खरंच चांगली होती. झाडं होती. स्वच्छ उजेडाचा लांब बोळ होता आणि पायांखाली जाड गालिचा, पावलांचा आवाज न होऊ देणारा. डॉक्टरीण पुढे चालत होती. एका दाराशी ती थांबली. आत गेलात तर त्यांना त्रास होतो, इथूनच बघा, असं म्हणाली. दाराला चेहऱ्याच्या उंचीवर काच होती.

आत खुर्च्या मांडलेल्या होत्या, यानात असतात तशा, दोन-दोनच्या जोड्यांनी, सगळ्या एकाच भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच खुर्च्यांत माणसं होती. टीव्हीवर हात हलवताना बघितलेले काही चेहरे तिने ओळखले. सगळ्यांचे ओठ हलत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

सासरे कडेला बसले होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि एकटे तेच तेवढे तिच्याकडे वळून बसलेले होते.

सुनेने कानातले बोळे काढले. कान दाराला लावला. एवढ्या आवाजांतून एक आवाज वेगळा काढायला तिला वेळ लागला नाही.

"ये, पोरी," ते म्हणत होते. "बस."

थोडी शांतता.

"तुलाही त्यानेच आणलं ना?"

मग शांतता लांबली. कोणीतरी उत्तर देत होतं, अडखळत, रडत. ते किती पुढचं बोलत होते, हे कळायला तिच्यापाशी काहीच साधन नव्हतं. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू फिरवला.

"काय म्हणतायत बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली.

काचेत पाठीमागची दोघं दिसत होती. डॉक्टरिणीने भुवया उंचावून सुनेच्या पाठीकडे इशारा केला. नवऱ्याने मान हलवली, अगदी थोडीशी. आत्ता नको, अशी. मग तो पुढे आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चल, घरी जाऊ."

बाहेर त्याने तिच्यासाठी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. ती थोडा वेळ उन्हात उभी राहिली. फाटक उघडंच होतं, पलीकडे रस्ता होता, त्यावरून माणसं जात-येत होती. आईच्या घराला भावाने कुलूप लावून किल्ली घरमालकाला दिली होती. तिने मागचं दार उघडलं आणि मागे बसली. नवरा पुढे चाकाशी बसला. त्याने आरसा थोडा खाली वळवला, तिचा चेहरा दिसेल इतका, आणि गाडी सुरू केली.